दोरीला बांधलेली दुपार

पडदेवाला बोलत नसे, आणि त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. तीस वर्षं पडदे शिवायचे आणि शिवताना टाचण्या धरायच्या ओठांत. ओठांत आठ-दहा टाचण्या असलेला माणूस बोलणार काय? गिऱ्हाईक विचारायचं, हा मान हलवायचा. काम सफाईदार, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पुढे पुढे टाचण्या नसल्या तरी तोंड उघडेनासं झालं. लग्नाचंही त्यातच राहून गेलं, असं त्याची आई म्हणायची.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि खिडकीशी आईची खाट. आई दुपारभर कच्ची शिलाई उसवून दोरे काढायची आणि मशीनच्या आवाजात तिचा डोळा लागायचा. मशीन थांबलं की लगेच जाग. गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले आणि जिने उतरणं बंद झालं.

मग एक दिवस मोठा भाऊ आला. मोठ्याच्या इमारतीला लिफ्ट, घरात एक खोली रिकामी, दिवसभराची बाई ठेवायची ऐपत. दारातच उभं राहून त्याने सगळं ठरवून टाकलं: रविवारी आईला माझ्याकडे आणून सोड, कायमची. "तुला चालेल ना?" असंही विचारलं, नाही असं नाही. पडदेवाल्याच्या ओठांत तेव्हा नऊ टाचण्या होत्या. एकेक काढून टाचण्यांच्या गादीत खोचेपर्यंत मोठा दोन जिने उतरून गेला होता. खाटेवरून आईने हे सगळं पाहिलं आणि तीही काही बोलली नाही. ह्याने आपल्या मनाशी समजूत घातली, की आईलाच लिफ्ट हवी असेल.

रविवारी शेजारच्या दोघांनी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं. गठ्ठे न्यायला घेतलेली जुनी गाडी होती, तीत ती पुढच्या सीटवर बसली. मोठ्याचं शहर दोन तासांवर. गाव मागे पडलं, चढ लागला, ऊन तापलं, आणि इंजिनाचा काटा हळूहळू तांबड्या रेघेकडे सरकायला लागला. अशा वेळी हीटर चालू केला की इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, असं एका मेकॅनिकने त्याला कधीतरी सांगितलं होतं. त्याने भर उन्हात हीटर लावला. ह्याच्या अंगाचं पाणी पाणी झालं. आईला मात्र बारा महिने थंडी वाजायची. ती शाल सैल करून म्हणाली, आता कुठे बरं वाटतंय. आणि झोपली.

पाच-सहा मैल असे गेले. गरम वाऱ्यात आईची पांढरी बट हलत होती, रस्ता पुढे पाण्यासारखा लकाकत होता. हे असंच चालू राहावं, असं पडदेवाल्याला वाटलं. तेवढ्यात बॉनेटमधून भसाभसा वाफ आली. त्याने गाडी एका झाडाखाली घेतली आणि किल्ली फिरवली. सगळं शांत झालं.

"मशीन का बंद केलंस रे?" आईने डोळे न उघडता विचारलं.

त्याने मोठ्याला फोन करून सांगितलं, गाडी तापलीय, उशीर होईल. मग टोइंगवाल्यांना फोन केला. त्यांच्या थापांचं काय सांगावं! पहिल्यांदा म्हणाले, ट्रक निघालाच आहे. तासाभराने म्हणाले, पोचतोच आहे. दोन तासांनी म्हणाले, आमचा माणूस तिथेच उभा आहे, तुम्हीच दिसत नाही. तो उभा होता भलत्याच रस्त्यावर. दुसरा कुणी असता तर त्याने टोइंगवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पडदेवाला बरं म्हणाला आणि फोन खाली ठेवला.

झाडाची सावली सरकत सरकत आईच्या मांडीवर आली. कुठेतरी एक पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होता. बाटलीतलं पाणी दोघांनी घोटघोट वाटून प्यायलं. आईची झोप कुठे संपते आणि जाग कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं.

"त्या दिवशी तू काही बोलला नाहीस," ती मधेच म्हणाली.

"तोंडात टाचण्या होत्या."

आई बाहेर बघायला लागली. "मला वाटलं, माझं करून करून दमलास."

त्याला खूप काही सांगायचं होतं. त्याने नुसती नाही नाही अशी मान हलवली, जोरजोरात, पण आईचे डोळे पुन्हा मिटले होते.

साडेतीन तासांनी ट्रक आला. वर उचलून घ्यायची यंत्रणा बिघडलेली, म्हणून ड्रायव्हरने गाडीला सरळ दोर बांधला. कपाळावरची आठी न मोडता त्याने एका कागदावर सही घेतली. तुम्ही तुमच्या गाडीत बसा, स्टिअरिंग धरा, म्हणाला. दोर ताणला गेला आणि गाडी निघाली.

इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, घाई नाही. फक्त चाकांची सळसळ. झाडं आपणहून मागे जात होती, उतारावरचं पिवळं ऊन काचेतून आत येऊन दोघांच्या हातांवर बसलं होतं. आई टक्क जागी होती. लहान मुलीसारखी दोन्ही बाजूंना बघत होती.

फाट्यावर ट्रक सरळ जायला हवा होता. तो वळसा घेऊन मागे फिरला, आले होते त्याच रस्त्याला लागला. पडदेवाल्याच्या लक्षात आलं. फोनवर त्याने मोठ्याचा पत्ता दोनदा सांगितला होता, पण त्या शहाण्यांनी कागदावर गाडीच्या नोंदणीचा पत्ता लिहिला होता, आणि ह्याने न वाचता सही ठोकली होती. ट्रक त्यांना घरी घेऊन चालला होता.

त्याचा हात हॉर्नवर गेला. त्याने आईकडे पाहिलं. रस्ता तिनेही ओळखला होता. शालीचं टोक तिने दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं आणि ती ह्याच्याकडे बघत नव्हती. त्याने हात काढून घेतला.

पुढच्या सिग्नलला ट्रक थांबला, तेव्हा फोन वाजला. मोठा विचारत होता, कुठवर आलात?

"दादा, आई येत नाही."

मोठा म्हणाला, गाडी नाही सुधारली तर नाही, मी माझी पाठवतो, त्यात काय एवढं.

"नको पाठवू." पडदेवाल्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "गाडीमुळे नाही. मला ती घरी हवीय."

फोनमध्ये काहीच ऐकू येईना. सिग्नल सुटला, दोराचा हलका हिसका बसला.

"परत सांग," आई समोर बघत म्हणाली. "त्याला नीट ऐकू गेलं नसेल."

मोठ्याला चांगलं ऐकू गेलं होतं. पडदेवाल्याने तरीही परत सांगितलं.