पेर्पेतुआची मोजपट्टी

पेर्पेतुआ न्दहानीला आम्ही वॉर्डात ‘शिंपीण’ म्हणायचो, आणि ते काही कौतुकाने नव्हे. नर्स होण्याआधी तिने दोदोमाच्या बाजारात सहा वर्षं शिलाई मशीन चालवली होती. मशीन सुटली, पण मोजपट्टी काही खिशातून गेली नाही. आमच्याकडे सिकल सेलच्या मुलांना भावंडाच्या मूलपेशी देतात. त्यानंतर रोज सकाळी ही बाई प्रत्येक पोराच्या पोटावरच्या पेनाच्या खुणेवर पट्टी धरायची, “श्वास सोड रे राजा” म्हणायची आणि आकडा लिहायची.

“काय गं, झबली शिवतेस का सगळ्यांना?” मी विचारायचे.

“हस तू. पोट कधी खोटं बोलत नाही,” ती म्हणायची.

रोपणाआधी देतात ती औषधं जहाल. त्यांनी कधी कधी लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, पाणी अंगात साठतं, आणि उशीर झाला तर पोर हातचं जातं. अकरा वर्षांच्या सिवेमाला तर लहानपणापासून इतक्या वेळा रक्त चढवलेलं की लिव्हरमध्ये लोह साचलं होतं. पहिल्याच दिवशी पेर्पेतुआने तिच्या कागदावर लाल वर्तुळ काढलं. “हिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं,” असं तिने मला बजावलं. मी हो म्हणाले. मी कशालाही हो म्हणते.

रोपणानंतरच्या नवव्या सकाळी वजन करायची पाळी माझी होती. मुली लाजतात म्हणून आम्ही त्यांना अंगाभोवती कांगा, म्हणजे आमच्या बायका नेसतात ते छापील सुती कापड, गुंडाळून काट्यावर उभं करतो. एका कांग्याचं वजन ठरलेलं, ते वजा करायचं. त्या दिवशी सिवेमाच्या आईने मावश्यांनी पाठवलेली नवी जोडी, धुऊन कडक इस्त्री केलेली, लेकीला गुंडाळली होती. काटा अठ्ठावीसच्या वर गेला. रोपणाच्या दिवशी मुलगी भरली होती सव्वीस.

“बाई बाई बाई! भरली माझी पोर!” आईने टाळ्याच पिटल्या. “गालही वर आले बघा, सिस्टर! मावश्यांना आत्ता फोन करते.”

आमच्याकडे कुणाला ‘जाड झालीस’ म्हणणं म्हणजे आशीर्वादच. मीही खूश झाले. आकड्यापुढे लिहिलं, ‘नवे कपडे’. डॉक्टर मुशोबोझींनी वाचलं, मान डोलावली. “कपडे आणि थोडं सलाइन. रक्तात कावीळ दिसत नाहीये. उद्या बघू.”

तेवढ्यात पेर्पेतुआ पट्टी घेऊन आली. तिने सिवेमाच्या पोटावरची खूण शोधली, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझा कागद वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“ते दोन्ही कांगे सोडा आणि पोरीला जुना गुंडाळा,” ती म्हणाली. नवी जोडी घडी करून तिने काट्यावर ठेवली. चारशे ग्रॅम! “मी सहा वर्षं कापड विकलंय, डॉक्टर. दोन किलोचा कांगा अजून कुणी विणलेला नाही. उरलेलं वजन कुठून आलं? आणि कालपासून पोट तीन सेंटिमीटर वाढलंय.”

“पण कावीळ नाही ना.”

“लहान मुलांत ती मागून येते, कधी येतच नाही. तुम्हीच शिकवलंत. उजव्या बरगडीखाली हात तर लावून बघा!”

डॉक्टरांनी हात लावला आणि सिवेमा कळवळून ओरडली. त्यांचा चेहराच बदलला. मग जी धावपळ उडाली! सोनोग्राफीत लिव्हर सुजलेलं, भोवती पाणी. दार एस सलामला फोन. दुपारच्या विमानाने औषध निघालं आणि चार वाजता पहिला डोस शिरेत चालू झाला. मी थेंब मोजत उभी होते. भीतीपेक्षा जास्त आनंद होत होता, की सापडलं, वेळेत सापडलं!

सिवेमाची आई मात्र कोपऱ्यात रडत होती. “मी टाळ्या वाजवल्या, सिस्टर. माझ्या लेकीचा घात होत होता आणि मी टाळ्या वाजवल्या.”

“मी तर लिहून दिलं, माई,” मी म्हणाले. पेर्पेतुआने आम्हा दोघींसाठी चहा आणला, तो मला शिव्यांपेक्षा जास्त लागला.

पुढचे दिवस आई काट्यासमोर श्वास रोखून उभी राहायची. सत्तावीस पूर्णांक सात. तेवढंच. सत्तावीस चार. मग सहाव्या सकाळी सव्वीस पूर्णांक दोन. पेर्पेतुआने पट्टी लावली आणि पहिल्यांदाच हसली. “उतरलं!”

सगळा जन्म ज्या बाईने लेकीला ‘दोन घास जास्त खा, अंग धर’ म्हणून सांगितलं, तिने जीभ हलवत लग्नात काढतात तशी लांब किलकारी काढली. पलीकडच्या खोल्यांतल्या आयांनी ती उचलली आणि अख्खा वॉर्ड दणाणला.

“किती उतरलं गं?” एकीने दारातून विचारलं.

“दीड किलो!” सिवेमाची आई ओरडली. “दीड किलोने रोडावली माझी पोर, देव पावला!”