धाग्यावरचा मणी

विज्ञानकेंद्रात मॉडेलं बनवणाऱ्याला सगळे कारागीर म्हणत. बंद पडलेलं यंत्र त्याच्या हाती दिलं की ते चालू होणार, असा त्याचा लौकिक. पण एका मण्यानं त्याला जेरीस आणलं.

साहेबांना उद्घाटनासाठी काचेच्या पेटीत, विद्युतभारित गोळ्यांच्या मधोमध, अधांतरी तरंगणारा थर्माकोलचा मणी हवा होता. गोळे जागच्या जागी पक्के, त्यांच्यावरचा भारही ठरलेला. कारागिरानं नाना खटपटी केल्या. मणी मध्यावर क्षणभर थबके. एका अंगाला ढळला तर परत येई, दुसऱ्या अंगाला ढळला की सुसाट काचेवर जाऊन आदळे. शेवटी त्यानं केसाहून बारीक धागा लावला आणि गुपचूप बसला. टाळ्या पडल्या.

त्याची ताई शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं ते मॉडेल पाहिलं आणि वर्गाकडून तसंच करून घ्यायचं मनावर घेतलं.

एका रविवारी तो तिच्याकडे गेला, तर टेबलावर तारा, गोळे, मणी यांचा हा पसारा! ताई चष्मा कपाळावर सारून बसलेली.

"मणी काही ठरत नाही रे. मुलं म्हणतात, बाईंचा हात थरथरतो. असेलही. हे बघ ना. निवृत्तीचा अर्ज द्यावा म्हणते."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "जमेल गं," एवढंच पुटपुटून त्यानं काढता पाय घेतला. घरी मात्र जिवाला चैन नाही. ज्या हातांनी त्याला पहिला स्क्रू पिळायला शिकवलं, तेच हात तिनं त्याच्यासमोर धरले होते, आणि त्यानं मूग गिळले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा राहिला.

"ताई, माझ्या मण्याला धागा आहे."

"म्हणजे?"

"नुसत्या स्थिर भारांमध्ये तो टिकतच नाही. एकीकडून सावरला की दुसरीकडून निसटतो. कुणाच्याच हातून ते व्हायचं नाही."

"हे तुला काल माहीत होतं?"

"हो."

"धाग्याचं एक वेळ सोड," ताई म्हणाली. "पण मी तुला हात दाखवत होते, आणि तू बघत बसलास."

ती बसस्टॉपकडे चालू लागली.

त्यानं साहेबांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली, पेटीवर धाग्याचा उल्लेख असलेली पाटी लावली. ताईनं अर्ज दिला नाही, हे त्याला भाचीकडून कळलं. फोन केला की हल्ली तीच उचलायची.

"आई कामात आहे, मामा."

खरंच कामात आहे का, हे विचारायला त्याला तोंड नव्हतं.