पिवळ्या झग्यातली बाई

लॉकडाऊनमध्ये नवऱ्याने बेडरूमचं ऑफिस केलं आणि मी स्वयंपाकघरात माश्या मारत बसले. शेवटी आम्ही परदेशात राहतो त्या रायस्वाइक शहरातल्या एका मंडळाचं काम घेतलं. मलावीतल्या एका गावातल्या विधवांना आणि अनाथ पोरांना ही मंडळी मदत करायची. त्यांची आवाहनं लिहून वेबसाइटवर टाकणं माझ्याकडे आलं.

पहिलंच आवाहन एका विधवेच्या शिलाई मशीनसाठी होतं. स्वतःची पोरं होतीच, वर मेलेल्या बहिणीचीही हिच्याच पदरात. बाजार बंद, टोमॅटो विकणं बंद. मशीन मिळालं तर मास्क शिवून घर चाललं असतं. तिचा फोटो आला. पिवळाधमक झगा, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल, पोरांची तोंडं तेलाने चकचकीत, सगळे हसतायत. मला तर बाई बघताक्षणी आवडली.

आमचे अध्यक्ष निवृत्त मास्तर, तसा भला माणूस. ऑनलाइन मीटिंगमध्ये म्हणाले, "हिला बघून कोण मदत करेल? घरच्या कपड्यांत, न हसता, दुसरा फोटो मागव."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाबा गेल्यावर माझी आईही असंच मदतीचं शिलाई मशीन घ्यायला स्टेजवर चढली होती. ठेवणीतली पांढरी साडी नेसून, गजरा माळून. फोटोवाला म्हणाला, "ताई, पांढरी नेसलात ते बरं केलंत, विधवा शोभता. तेवढा गजरा काढा." आई म्हणाली, "ही माझ्या लग्नातली साडी आहे. आम्हा बौद्धांत लग्नाला पांढरीच नेसतात." गजरा काही तिने काढला नाही.

मी अध्यक्षांना म्हटलं, "मदत मागायची तर तोंड पाडूनच मागायची का? फोटो हाच जाईल. नाहीतर आवाहन दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

बोलले खरी, पण मग वाटलं, माझ्या ताठ्यापायी तिचं मशीन हुकलं असतं तर? अध्यक्षांनी तोच फोटो जाऊ दिला, पण बरेच दिवस आवाहनाला कुणी विचारलंही नाही. मग मीच तो फोटो आमच्या इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकला. "काय छान नटलीय गं," एकीने लिहिलं, आणि मदत सुरू झाली.

मशीनपुढे बसलेल्या तिचा फोटो आला, तो मी आईला पाठवला. झगा तोच. आईने फोन केला. "हिला कुणी काही काढायला नाही ना सांगितलं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मी काढू दिलं नाही."