शेजाऱ्याचे तीन मृत्यू

पनवेलला विमानतळ येणार, येणार असं सगळे म्हणत होते, त्या वर्षांतली गोष्ट. नवीन पनवेलला आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक तरुण राहायचा. उरणकडच्या आगरी घरातला, बंदरात नोकरीला. ओवे गावच्या एका मुलीशी त्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. अडलं होतं ते बायोडेटातल्या एका ओळीवर: ‘मराठी चित्रपटात भूमिका’. पिक्चर बघितल्याशिवाय होकार नाही, असं मुलीच्या वडिलांनी सांगून टाकलं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याच्या मीटरचा आकडा मी दोनदा वाचल्याशिवाय लिहीत नाही, हे त्यांच्या कानावर गेलेलं. म्हणाले, “तुमी बी चला. तुमी खोटा बोलनार नाय.”

रविवारी दुपारचा खेळ. मुलगा, मुलगी, तिचे वडील आणि मी, असे आम्ही चौघं धरून थेटरात सतरा माणसं. मुलगा मुद्दाम रांगेच्या टोकाला बसला.

पाच गुंड हिरोच्या भावाला मारतात. पोलीस ढिम्म. हिरो भिंतीवर कोळशाने पाच नावं लिहितो आणि एकेक खोडत जातो. खून पाच, पण जिना एकच; रोडपालीच्या कुठल्यातरी अर्धवट इमारतीचा.

पहिला गुंड म्हणजे आमचा शेजारी, मिशी लावून. गडगडत खाली आला.

“मेला?” वडिलांनी विचारलं.

“मेला.”

“लय लवकर मेला.”

वीस मिनिटांनी तो तिसरा गुंड म्हणून परत आला. मिशी गायब, डोळ्यांवर गॉगल. वडील माझ्याकडे झुकले. “ह्यो त्याचा भाव का?”

“नाही, तोच.”

“मंग जिता कसा?”

टोकावरून खालच्या आवाजात उत्तर आलं, “मानसं कमी पडली, मामा.”

पाचवा गुंड दाढी लावून आला, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, याला एकदा नीट मारा रे!”

सगळ्या गुंडांचे आवाज पुण्याच्या एकाच माणसाने दिले होते. त्यामुळे हातात कोयता घेतलेला माणूस “मी आपणांस क्षमा करणार नाही” असं म्हणायचा. पण शेवटच्या खुनाला डबिंग करायचं राहून गेलं होतं. जिन्यावर आडवा पडलेला आमचा शेजारी स्वतःच्या आवाजात कळवळला, “मना नको मारू रं दादा, घरा आय वाट बगते!”

सतराच्या सतरा हसले. मुलीने तर ओढणी तोंडात कोंबली.

बाहेर आल्यावर वडिलांनी मला गाठलं. “आता खरा सांगा.”

मुलगा चपलेकडे बघत उभा होता. मला वाईट वाटत होतं, पण विचारलं होतं मला. “पिक्चर वाईट आहे. पाच नावं खोडली, पण माणसं मेली तीनच. सूड दोनने कमी भरतो.”

“आन पोरगा?”

“पहिल्या दोन वेळा खोटा मेला. तिसऱ्यांदा मला जरा खरं वाटलं.”

मुलीने सरळ त्यालाच विचारलं, “शेवटचा आवाज तुमचा व्हता?”

“हां.”

“आन बाकीचा?”

“पुन्याच्या मानसाचा.”

ती वडिलांकडे वळली. “ह्यो आवाज मना चालंल, बाबा. पर पिक्चर नाय.”

“नाय, नाय,” मुलगा घाईघाईने म्हणाला, “आता नाय मरनार.”

“लिवून द्या,” मुलगी म्हणाली.

मी खिशातलं पेन काढून पुढे केलं. वडिलांनी माझा हात धरला. “सेक्रेटरी, पेन ठेवा आत. च्या पिऊ चला, जावईबापू पाजतील.”