न जळणारा फिनिक्स

मेई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसबाहेर गाडी लावत होते. वाचला, पुन्हा वाचला, आणि तशीच बसून राहिले... रडू घरी गेल्यावर आलं. राग मात्र दुसऱ्या दिवशी आला. मॅनेजरने अंत्यविधीच्या कार्डाचं डिझाइन दाखवलं: मेईचा हसरा फोटो आणि मागे ज्वाळांतून झेपावणारा लालभडक पक्षी. “चिनी होती ना, म्हणून फिनिक्स. राखेतून उठणारा,” तो मायेने म्हणाला. हेतू चांगला होता, हीच पंचाईत.

मेई आणि मी टेस्टिंग टीममध्ये शेजारी बसायचो. ती चेंगदूची, मी नागपूरची. खरं तिखट कुणाचं या भांडणातून मैत्री झाली आणि ते भांडण कधी मिटलंच नाही. आम्ही बोलायचो इंग्रजीत, पण आठवताना ती मला मराठीतच ऐकू येते. केमो चालू असताना कुणीतरी तिला असाच जळता पक्षी काढलेला कॉफीचा मग भेट दिला. तिने त्यात पेनं ठेवली.

“आमचा फिनिक्स जळत नाही गं,” ती म्हणाली. “राज्य नीट चाललं असेल तरच दिसतो, नाहीतर फिरकत नाही. बसतोही वुतुंगच्याच झाडावर, दुसरं झाड चालत नाही त्याला.”

“भलताच नखरेल आहे.”

“मग? महाराणीची खूण आहे ती. मी कुणाला जळून दाखवणार नाही.”

हे सगळं मी मॅनेजरला सांगितलं आणि कार्ड बदलायला लावलं. तो बिचारा म्हणाला, “पण तो पक्षी परत येतो, त्याने धीर येतो गं सगळ्यांना.” तिथे मात्र मी अडखळले. कारण मेईचा पक्षी परत येत नाही. त्याचं जळणं नाकारलं की त्याचं परतणंही हातचं जातं... तरी मी म्हटलं, नको. खोटा धीर मेईला कधी चालला नाही, मग तिच्या माघारी मी का घेऊ? कार्डावर नुसता तिचा फोटो छापला.

अंत्यविधीनंतर तिच्या बहिणीने माझ्या हातात एक रेशमी रजई दिली. मेईच्या लग्नात आईने दिलेली. अशा रजईवर ड्रॅगन म्हणजे नवरा आणि फिनिक्स म्हणजे नवरी. घटस्फोटानंतर सगळे म्हणाले, टाकून दे. मेईने कात्री घेतली, ड्रॅगनची बाजू कापून टाकली आणि उरलेली अर्धी अंगावर घेऊन झोपू लागली. कापलेली कड आता उसवत चालली आहे. माझा नवरा म्हणतो, टीप मारून घे, खाली कापडही जोड, पाय उघडे पडतात. मी काहीही जोडणार नाही. रात्री पायांना थंडी वाजते. वाजू दे.