काशिनाथकाकांच्या व्हॅनचं सैल स्टिअरिंग

"सुरेश, परत तेच," काशिनाथकाका म्हणाले. त्यांची व्हॅन गॅरेजच्या दारात उभी होती, अर्धी आत, अर्धी रस्त्यावर. महिन्याभरातली ही तिसरी खेप. स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी ढिम्म, मग एकदम वळायची.

आमच्या धंद्यात याला प्ले म्हणतात. स्टिअरिंग फिरतं पण चाक हलत नाही, ती मधली मोकळीक. जुन्या गाडीत थोडी असतेच. काकांच्या गाडीत चांगली चार बोटं होती.

बोईसरच्या या गॅरेजात मी अठरा वर्षं मेकॅनिक आहे. काका केळव्याचे. रोज सकाळी मासळीचे टब भरून ते आणि यमुनाकाकी बोईसरच्या बाजारात येत. व्हॅनच्या ड्रायव्हरशेजारची आणि मागची सीट काढून टाकलेली, सगळीकडे टबच. काकी मागे टबांच्या मध्ये पाटावर बसायच्या.

पहिल्या खेपेला मी टाय रॉड एंड बदलले. स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत पोचवणारे हे सांधे झिजले की गाडी डगमगते. आठवडाभर बरं चाललं. दुसऱ्या खेपेला रॅक काढला. रॅक म्हणजे स्टिअरिंगच्या खालची दातेरी दांडी, तीच चाकांना ढकलते. तिला धरून ठेवणारे रबरी बुश बदलले, बोल्ट आवळले. पुन्हा आठवडाभर बरं.

दोन्ही वेळा गाडी लिफ्टवर चढवून तपासली होती. का, तेही सांगतो. काकांची व्हॅन आली की आम्ही नाकाला फडकं लावून ती धुवायचो आणि लगेच लिफ्टवर घ्यायचो. जमिनीवर तिच्याखाली झोपायला कोणी तयार नसे. बर्फाचं खारं पाणी थेट तोंडावर गळायचं. अठरा वर्षांच्या अनुभवाचे आम्ही लोक मासळीच्या पाण्याला भ्यायलो, दुसरं काही नाही.

गॅरेजचे शेठ ऑफिसमधून ओरडले, "अरे, दुसरा रॅक टाक आणि विषय संपव!"

तेवढ्यात काकी गाडीतून उतरल्या. कोपर सोललेलं होतं.

"काय झालं काकी?"

"काय व्हयाचं? वळणावर गाडी वळलीच नाय. मिठागराच्या बांधावर जाऊन चढली. पुढं पानी व्हतं, पोरा."

मी गोणपाट अंथरलं आणि चाकं जमिनीवर असतानाच गाडीखाली शिरलो.

"काका, गाडी बंदच ठेवा. स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवा."

काकांनी हलवलं. चाकं जागची हलली नाहीत. हलत होता तो रॅक, आणि ज्या पत्र्यावर तो बोल्टने बसवलेला असतो तो पत्रासुद्धा. लिफ्टवर चाकं हवेत असतात, सहज फिरतात. त्यामुळे रॅकवर जोर येत नाही आणि तो गुमान जागेवर राहतो. जमिनीवर गाडीचं वजन चाकांवर येतं, मग जे कच्चं असेल ते सरकतं. हे कुठल्याही नवशिक्याला ठाऊक असतं. मलाही होतं.

पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर लावला. तो आरपार गेला. पापडासारखे पापुद्रे निघून छातीवर पडले. गंज दोन्ही बाजूंना चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्यापर्यंत पोचला होता.

मग गालावर एक थेंब पडला, खारट. वर पाहिलं. गाडीच्या तळाला एक गोल, सुबक भोक होतं, बरोबर त्या पत्र्याच्या वर.

ते भोक मी पाडलं होतं. काकांच्या घरासमोर उतार, गाडी नाक खाली करून उभी राहायची, टबांचं पाणी पुढे साचायचं. दोन वर्षांपूर्वी काका म्हणाले होते, "सुरेश, येक भोक पाड ना बाबा, पानी निघून जाईल." मी दोन मिनिटांत ड्रिल मारलं, वरून कानसही फिरवली. पाणी लगेच निघून गेलं. कुठे गेलं, ते मी पाहिलं नाही. काकांनी केळव्यात इतकं कौतुक केलं की मासळीच्या आणखी चार गाड्या भोक पाडून घ्यायला आल्या. चारीही मीच पाडली.

सालवडहून वेल्डरला बोलावलं. त्याने खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. "इसमें किसको पकड़ाऊँ भाई? माल ही नहीं बचा." वेल्ड धरायला धड पत्राच उरला नव्हता.

शेठ म्हणाले, "वरून पट्टी मार आणि दे सोडून."

"शेठ, काकी मागे बसतात."

शेठ ऑफिसकडे वळले. "मग तूच सांग त्यांना."

मी सांगितलं. ही गाडी आता रस्त्यावर काढायची नाही, हे सांगितलं आणि भोकाचंही सांगितलं. काकांनी वाकून त्या भोकात बोट घातलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पानी तं आमचंच व्हतं," काकी म्हणाल्या. मग काकांकडे वळून, "उद्या टब कशात आणाचे वं? रिक्षावाला वासापायी उभं नाय करत."



व्हॅन भंगारात गेली. मी आठवडाभराने बाजारात गेलो तेव्हा काकींच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. काकी आता केळव्यातच दारोदार फिरून विकतात, असं कळलं. भेटायला जायचं अजून मला धाडस झालेलं नाही.

धडा साधा आहे. स्टिअरिंग बघायचं तर चाकं जमिनीवर टेकलेली हवीत, आणि भोक पाडायच्या आधी खाली झोपून बघावं, पाणी कशावर पडणार ते. त्या चारही गाडीवाल्यांना मी फोन केले. एक जण आला. बाकीचे तिघे म्हणाले, "आमचं स्टिअरिंग येकदम मस्त हाय." रोज सकाळी त्या तीन गाड्या गॅरेजसमोरून बाजाराकडे जातात. मी हातातलं काम थांबवून त्या वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहतो.