पदरावरचा पंजा

गुंडाळलेल्या रेशमावर टिचकी मारून मावशी कान लावायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाय. पानाचा रंग सुटला नाय."

तुम्ही हसाल. मीही हसायचो. निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यात मोबाइलवर नैसर्गिक रंगांचे चार धडे पाहिलेला; म्हणजे किती धोकादायक प्राणी बघा! वैशाखरे गावात शेड टाकली, जुन्या लुगड्यांसारखे काठ विणकरांकडून रेशमात विणून आणले आणि मदतीला गावातल्या या मावशींना बोलावलं. आठवड्याभरात मीच त्यांच्या हाताखाली होतो.

रेशीम हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, वर सागाची पानं मांडायची, बांबूवर गुंडाळून वाफ द्यायची, की पानांचे ठसे कापडावर उतरतात. मावशींची उजवी करंगळी विळा लागून कायमची वाकडी झालेली. तरी कापडावर त्यांचा कधी डाग नाही. "हात धुवून या, मास्तर," हे मात्र मला दिवसातून दहादा.

चार वर्षं लोकांची रेशमं रंगवल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक नऊवारी लुगडं मागितलं. आईच्या लुगड्याचा रुईफुली काठ, अंगभर साग. "म्हसा गावच्या जत्रेला नेसन. मंग मेले तरी चालंल."

पानं मांडून झाली. मी रंग गडद करायचं लोखंडाचं पाणी ढवळून हात न धुता तसाच आलो आणि "वा!" म्हणत पदराच्या मधोमध हात टेकवला. हिरड्यावर लोखंड! क्षणात काळाकुट्ट पंजा उमटला, पाची बोटांसकट.

मावशी पदरावर वाकल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मास्तर. जत्रेत चुकले तर धराया हात हाय."

जत्रेला आठ दिवस असताना मावशी गेल्या. सुनेने तेच लुगडं नेसवलं. "नेसायचंच व्हतं आयला," एवढंच म्हणाली.

चितेवर पदर छातीवर होता आणि त्यावर माझा पंजा. जाळ तिथवर पोचला तेव्हा माझ्या तळव्याला चटका बसला. कुणी पाहू नये म्हणून मी हात खिशात घातला.

त्यानंतर प्रत्येक रेशमावर साग सुरेख उमटतो. फक्त पदराच्या मधोमध थोडी जागा कोरी राहते. गिऱ्हाइकांना मी सांगतो, तिथे हिरडा कमी पडला. माझ्या धांदरटपणाची ख्याती अशी, की सगळ्यांना पटतं.

परवा मी दोनदा हात धुतला आणि त्या कोऱ्या जागेवर ठेवून पाहिला.

जागा माझ्या पंजापेक्षा लहान आहे. करंगळी वाकडी.